सारख्या दिसणाऱ्या माश्यांची ओळख

माशीच्या पाठीवरील पट्टा किती लांब आहे हे भिंगातून पाहत बसणाऱ्या अभ्यासकाकडे लोक थोड्या कौतुकाने आणि बऱ्याचशा उपहासाने पाहतात. असल्या बारकाव्यांचा व्यवहाराशी काय संबंध, असे त्यांना वाटते. अमेरिकेतील स्क्रूवर्म माशीचा इतिहास हे या शंकेचे उत्तर आहे.

अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशांत निळसर हिरव्या, धातूसारखी झळाळी असलेल्या दोन माश्या आढळतात. दोघींचा चेहरा नारिंगी आणि दोघींच्या पाठीवर तीन काळसर उभे पट्टे असतात. पहिली कॉक्लिओमाया मॅसेलॅरिया. तिचे वर्णन फॅब्रिसियस यांनी १७७५ मध्ये केले. ती मुख्यतः मेलेल्या जनावरांच्या मांसावर अंडी घालते. दुसरी कॉक्लिओमाया होमिनिव्होरॅक्स, म्हणजे मनुष्यभक्षक. हे नाव कॉकरेल या फ्रेंच वैद्यांनी १८५८ मध्ये दिले. या माशीच्या अळ्या वाढतात त्या केवळ जिवंत मांसावर. मादी जखमेच्या कडेला दोन-तीनशे अंडी घालते. दिवसभरात अळ्या बाहेर पडतात आणि पाच ते सात दिवस मांस कुरतडत आत शिरतात. तारेचा ओरखडा, गोचिडीचा दंश, नवजात वासराची ओली नाळ एवढी जागा तिला पुरते. वेळीच उपचार झाले नाहीत तर धष्टपुष्ट बैलही दगावतो.

तरीही कॉकरेल यांच्यानंतर पाऊण शतक या दोन माश्या एकच समजल्या जात होत्या. मेलेल्या जनावरांवर दिसणारी माशीच जखमेत अंडी घालते, अशी समजूत होती. उपायही त्या समजुतीला धरूनच सांगितले गेले. मृत जनावरे जाळावीत किंवा पुरावीत, मांसाचे आमिष लावून सापळे टांगावेत. सापळे भरत, पण त्यांत सापडे ती बहुतेक मॅसेलॅरिया. खरी वैरीण कुरणात मोकळीच राही.

हा गैरसमज १९३३ मध्ये दूर झाला. अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ कुशिंग आणि लिव्हरपूल येथील प्राध्यापक पॅटन यांनी दोन्ही प्रकारच्या नरांची जननेंद्रिये तपासली आणि या दोन स्वतंत्र जाती असल्याचे दाखवून दिले. त्यांनी जिवंत मांसावरील जातीला नवे नाव दिले होते, परंतु नामकरणात अग्रक्रमाचा नियम असल्यामुळे पुढे कॉकरेल यांचेच नाव कायम झाले. पॅटन पूर्वी इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते. क्रॅग यांच्यासह त्यांनी लिहिलेला वैद्यकीय कीटकशास्त्रावरील ग्रंथ १९१३ मध्ये मद्रासमध्येच प्रसिद्ध झाला होता.

एकदा भेद आहे हे कळल्यावर बाहेरील खुणाही नजरेस येऊ लागल्या. होमिनिव्होरॅक्सच्या पाठीवरील मधला पट्टा बाजूच्या दोन पट्ट्यांपेक्षा आखूड असतो, तर मॅसेलॅरियाचे तिन्ही पट्टे जवळजवळ सारखे असतात. पहिलीच्या कपाळाच्या कडेचे बारीक केस काळे, तर दुसरीचे फिकट. मॅसेलॅरियाच्या उदराच्या शेवटच्या खंडावर दोन्ही बाजूंना रुपेरी ठिपके उठून दिसतात. सर्वांत उपयोगी खूण मात्र अळीत आहे. होमिनिव्होरॅक्सच्या पूर्ण वाढलेल्या अळीच्या दोन श्वासनलिका मागच्या तीन-चार वलयांत काळ्या असतात आणि त्या कातडीतून नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. जखमेतून काढलेल्या अळीची परीक्षा त्यामुळे कुरणातही करता येते.

या भेदाचे फळ मोठे होते. ही माशी मृत मांसावर वाढत नाही, म्हणजेच तिची संख्या समजली जात होती त्यापेक्षा पुष्कळच कमी. शिवाय तिची मादी बहुधा एकदाच मीलन करते. या दोन गोष्टींवरून निपलिंग यांना एक कल्पना सुचली : प्रारणांनी वंध्य केलेले असंख्य नर सोडले, तर त्यांच्याशी मीलन झालेल्या माद्यांची अंडी फुकट जातील. वंध्य नर आपल्याच जातीची मादी शोधतो. म्हणून जात ओळखण्यात चूक झाली असती, तर सारा खर्च व्यर्थ गेला असता. क्युरासाव बेटावर १९५४ मध्ये हा प्रयोग यशस्वी झाला. पुढे अमेरिका, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून ही माशी हटली. १९८८ मध्ये ती लिबियात पोहोचली, तेव्हा मेक्सिकोत वाढवलेल्या वंध्य माश्या विमानाने तेथे नेण्यात आल्या आणि १९९२ मध्ये तो देश मुक्त जाहीर झाला.

भारतातही असेच एक जोडपे आहे. क्रायसोमाया बेझियाना जिवंत जखमेत वाढते, तर तिच्यासारखीच दिसणारी क्रायसोमाया मेगासेफाला मांसमच्छीच्या बाजारात आणि उकिरड्यावर घोंगावते. पंखांच्या मुळाशी असलेला खालचा खवला पहिलीत पांढरा, तर दुसरीत गडद तपकिरी असतो. जनावराची जखम पाहणाऱ्या पशुवैद्याला एवढी खूण ठाऊक असणे इष्ट आहे.

काम संपले असे मात्र मानता येत नाही. २०२३ पासून होमिनिव्होरॅक्स पनामातून पुन्हा उत्तरेकडे सरकू लागली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मेक्सिकोत आढळली. जखमेतील अळी उचलून तिच्या श्वासनलिकांचा रंग पाहणाऱ्या माणसाची गरज पुन्हा भासू लागली आहे. शत्रूवर उपाय करण्यापूर्वी शत्रू कोण हे ओळखावे लागते, आणि कधीकधी ती ओळख एका आखूड पट्ट्यात दडलेली असते.