सूर्य आहे, गोधन आहे, राखणदार हवा

(वाशीम येथील कार्यकर्ता अभ्यासवर्गातील भाषणाचा संपादित अंश)



१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला आपला वाशीम जिल्हा २०१८ पासून देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. येथील आडवळणाच्या आरोग्य केंद्रात पावसाळी रात्री वीज जाते, तेव्हा प्रश्न केवळ अंधाराचा नसतो. लस २ ते ८ अंश तापमानातच टिकते आणि प्रसूती उजाडण्याची वाट पाहत नाही.

सौरऊर्जा हे याचे उत्तर खरे. परंतु एकट्या सूर्यावर विसंबता येत नाही. हिशेब मांडू. समजा, केंद्राची गरज रोज १२ युनिटांची आहे. एक किलोवॉटचा सौरसंच उघडिपीत दिवसाला सुमारे ४ युनिट देतो. म्हणजे ४ किलोवॉटचा संच १६ युनिट देईल. श्रावणझडीत मात्र हेच उत्पादन निम्म्यावर येते. बॅटरी एक-दोन रात्री निभावते, सलग आठवडा नव्हे.

ही चार-पाच युनिटांची तूट कोण भरून काढील? पवनचक्कीचा मोह होतो. पण साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर वाहतो तसा वारा सर्वत्र नसतो. जागेवर वर्षभर वारा मोजल्याविना तो खर्च करू नये. आपल्याजवळ आहे ते गोधन. पंचवीस किलो शेणापासून सुमारे एक घनमीटर वायू मिळतो आणि त्यातून दीड युनिट वीज. नऊ-दहा जनावरांचे शेण ही तूट भागवते. शेणाइतकेच पाणी लागते. ते उन्हाळ्यात दुर्मीळ, पण तेव्हा सूर्य प्रखर असतो. पावसाळ्यात सूर्य मंदावतो, तेव्हा पाणी मुबलक असते. निसर्गानेच ही जोडी जुळवली आहे. गोशाळा जवळ असेल तेथेच मात्र हा प्रयोग करावा. दुरून शेण वाहणे परवडणार नाही.

तंत्र अवघड नाही. संच बंद पडतात ते उद्घाटनानंतर. पाट्यांवरची धूळ कोणी पुसत नाही, बॅटरी बदलण्यासाठी पैसा राखलेला नसतो. म्हणून आधी गावातला प्रशिक्षित तरुण आणि दरमहा जमणारा देखभाल निधी, संच त्यानंतर.

पंडित दीनदयाळजींनी १९६५ साली मुंबईतील व्याख्यानांत एकात्म मानवदर्शन मांडले. अंत्योदयाचा तो विचार आपण व्यासपीठांवरून पुष्कळदा सांगितला. आता तो झडीच्या रात्री प्रसूतिगृहातील दिव्याच्या रूपाने तेवत ठेवायचा आहे.