चिमणीचा संसार आणि आपली जीवदया
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



पक्ष्यांविषयी बोलण्याचा माझा काही अधिकार नाही. मी कापडाचा व्यापारी. परंतु सकाळी दुकान उघडल्यापासून पहिले गिऱ्हाईक येईपर्यंतचा वेळ मी अनेक वर्षे पाखरांना पाहण्यात घालविला आहे. (मंदीच्या दिवसांत दुपारचाही!)

आपल्या मंदिराच्या प्रांगणात रोज ज्वारी टाकली जाते. त्या पुण्यकार्यात माझाही वाटा आहे. पूर्वी तेथे चिमण्या पुष्कळ आणि पारवे थोडे असत. आज पारव्यांचेच राज्य आहे. दाणे तेच, मग असे का व्हावे? याचे उत्तर मला दुकानाच्या पाटीमागे सापडले.

तेथे चिमण्यांचे घरटे होते. मोठी चिमणी दाणे खाते. पण पिल्ले बाहेर आली की नर-मादी दोघांच्याही चोचीत अळ्या आणि किडेच दिसत. कोवळी पिल्ले मुख्यतः त्यांवरच वाढतात. पारव्याचे तसे नाही. नर व मादी दोघांच्याही अन्नपिशवीत दुधासारखा पदार्थ तयार होतो. पहिले काही दिवस पिल्लू त्यावर पोसते, पुढे मऊ झालेल्या दाण्यांवर. म्हणजे आपल्या ज्वारीवर पारव्याचा संपूर्ण संसार चालतो, चिमणीचा अर्धाच. शिवाय पारवा मूळचा कड्याकपारींतला. इमारतीच्या कठड्यावर चार काड्या टाकल्या की त्याचे घर झाले. चिमणीला फट लागते, आणि नव्या बांधकामात फट कोठून मिळणार? मीच जुनी पाटी काढून नवी बसविली, तेव्हा ते घरटे गेले.

2025 साली मुंबईत कबुतरखान्यांवरून जो वाद झाला, त्यात मी शिरत नाही. मात्र वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने काहींना फुप्फुसाचा गंभीर विकार जडतो, हे डॉक्टरांचे म्हणणे आपण ऐकले पाहिजे.

चिमणी अळी उचलताना दिसली की प्रारंभी मी मान फिरवीत असे. अळीही त्रस जीवच. पण अणुव्रते चिमणीने घेतलेली नाहीत, ती आपण घेतली आहेत. आणि आपण धर्मशाळेच्या बागेत दरवर्षी कीटकनाशक फवारतो! त्यात अगणित जीव मरतात आणि भिंतीपलीकडची पिल्ले उपाशी राहतात. फवारणीचा खर्च मंजूर झाला त्या सभेत मीही हात वर केला होता.

विश्वस्तांना माझी विनंती आहे. ही फवारणी कायमची थांबवावी. बागेभोवती मेंदीचे दाट कुंपण लावावे; त्याचा खर्च माझ्याकडे. परळात गाळलेले पाणी ठेवावे व ते रोज बदलावे, नाहीतर त्यात डास होतील आणि नवी हिंसा ओढवेल. ज्वारी लगेच संपेल इतकीच टाकावी.

मी दुकानावर सव्वा इंचाचे भोक पाडलेले एक लाकडी खोके टांगले आहे. अद्याप त्यात कोणी आलेले नाही. परवा एक चिमणा काडी घेऊन तारेवर बसला, खोक्याकडे बराच वेळ पाहत राहिला, आणि मग समोरच्या दुकानाच्या शटरमागे गेला.

जय जिनेंद्र.