'जरी–तरी' आणि इंग्रजीतले 'बट'



उत्तरपत्रिका तपासायला बसलो, की एक वाक्य मला हमखास भेटते. मुलाचे नाव बदलते, गाव बदलते, वाक्य तेच. 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वुई वेंट टु स्कूल.' पाऊस पडत होता तरी आम्ही शाळेत गेलो, एवढेच त्याला सांगायचे असते. कित्येक वर्षे मी त्यातल्या 'बट'वर लाल शाईने काट मारीत आलो. अर्धा गुण कापायचा नि पुढच्या पानाकडे वळायचे. मूल का चुकले हे विचारायला सवड कुणाला?

एकदा मात्र एका मुलालाच विचारले. तलासरीच्या बाजूचा, घरी वारली बोलणारा. म्हणाला, "सर, आधी 'जरी' लिहिलं, मग 'तरी' नको का लिहायला?" मी गप्पच झालो. त्याचे मराठी अगदी पक्के होते, आणि तेच त्याला इंग्रजीत नडले होते.

तुम्हीच पाहा. 'जरी पाऊस पडत होता' एवढे बोलून थांबा. ऐकणारा 'तरी'ची वाट पाहत राहील. उलट 'जरी' गाळले तरी चालते. 'पाऊस पडत होता, तरी आम्ही गेलो' हे वाक्य कुठेही लंगडत नाही. म्हणजे आपल्याकडे खरा भार 'तरी'वर आहे. हिंदीत 'यद्यपि–तथापि' आहे. गुजरातीत 'जो के' म्हटले, की पुढे 'तो पण' येते. डहाणूच्या बाजारात किंवा उंबरगावच्या रस्त्याला मुलाच्या कानावर या साऱ्या भाषा पडतात, आणि जोडी जुळवण्याची सवय सगळीकडेच. मराठीची गाडी बैलजोडीने चालते. इंग्रजीचा टांगा एका घोड्याचा. 'ऑल्दो' जुंपला की 'बट' सोडायचा, 'बट' जुंपला की 'ऑल्दो' सोडायचा. वर्गात एवढे जरी सांगितले, तरी निम्मी मुले सुटतील. पण ते मराठी वाक्य फळ्यावर लिहून सांगायला हवे. नुसता नियम पाठ करून घेतला, तर परीक्षेच्या घाईत 'तरी'ची सवय पुन्हा डोके वर काढते.

इथे एखादे जुने शिक्षक म्हणतील, "अहो, आम्हांला तर 'दो' आणि 'येट' ही जोडी शिकवली होती!" त्यांचेही खरे आहे. जुन्या इंग्रजी पुस्तकांत ती जोडी सर्रास आढळते, आणि ती चुकीची नव्हे. 'येट' हा शब्द क्रियाविशेषणासारखाही चालतो, म्हणून तो 'दो'च्या मागे उभा राहू शकतो. 'बट'ला ती सवलत नाही. आजच्या लेखनात मात्र 'येट'ची ही जोडही फारशी लावीत नाहीत.

आता आपला 'पण'. हा फार कामाचा गडी, पडेल ते काम करतो. 'मी पण येतो' म्हटले, तर त्यात विरोध कसला? तिथे 'पण' म्हणजे 'सुद्धा'. गुजरातीतही 'हूं पण आवीश' म्हणजे 'मीही येईन'. असल्या ठिकाणी 'बट' घातला, तर इंग्रज बुचकळ्यात पडेल. तिथे 'टू' किंवा 'ऑल्सो' हवा.

दुसरे उदाहरण घ्या. 'डहाणू रेल्वेवर आहे, तर तलासरी महामार्गावर आहे.' यात कुणाचे कुणाशी भांडण नाही. दोन गावे शेजारी ठेवून फरक दाखवला, इतकेच. आपण इथे 'तर' म्हणतो, इंग्रजीत 'व्हेअरअ‍ॅज'. कधी 'व्हाइल'ही चालतो. परंतु 'व्हाइल'चा मूळ अर्थ 'चालू असताना' असा असल्यामुळे कधीकधी घोटाळा होतो, म्हणून नवशिक्यांना आधी 'व्हेअरअ‍ॅज'च द्यावा.

'हाउएव्हर' या शब्दाने तर भल्याभल्यांना चकवले आहे. तो 'बट'चा मोठा भाऊ आहे असे समजून मुले त्याच्या मागे-पुढे नुसते स्वल्पविराम देऊन दोन वाक्ये चिकटवतात. 'हाउएव्हर' दोन वाक्ये सांधीत नाही. आधीचे वाक्य पुरे करावे, पूर्णविराम द्यावा, मग नव्या वाक्यात 'हाउएव्हर' आणावा. विरामचिन्हे रेडिओवर ऐकू येत नाहीत, ही आमची अडचण. छापील पुस्तिका हाती येईल तेव्हा ती डोळ्यांनी पाहा. मराठीत याचा खरा सोबती म्हणजे 'मात्र'. 'सगळे आले. तो मात्र आला नाही.' 'ही, हाउएव्हर, डिड नॉट कम.' दोघेही वाक्याच्या पोटात शिरून बसतात, असे 'पण'ला सहसा जमत नाही.

'डिस्पाइट'विषयी थोडक्यात. त्याच्यामागे पुरे वाक्य येत नाही, नाम येते: 'डिस्पाइट द रेन', म्हणजे 'पाऊस असूनही'. आणि त्याला 'ऑफ' लावायचा नाही. 'ऑफ' लागतो तो 'इन स्पाइट'ला.

हे झाले शब्दांचे. पण 'बट' लिहावा की 'ऑल्दो', याने अर्थात काही फरक पडतो का? पडतो, आणि तो आपल्या व्याकरणकारांनी टिपलेला आहे. मराठी व्याकरणात 'पण', 'परंतु' यांना न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यये म्हणतात, आणि त्यांची गणना प्रधानत्वसूचकांत होते. दोन्ही वाक्ये बरोबरीची. 'जरी–तरी' बसते संकेतबोधकांत, 'जर–तर'च्या शेजारी, गौणत्वसूचकांच्या घरात. तिथे एक वाक्य दुसऱ्याच्या हाताखाली. मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालचे. ज्यांना खोलात शिरायचे असेल, त्यांनी ते जरूर उघडावे. मला मात्र त्यातले 'न्यूनत्व' हे नावच फार बोलके वाटते. आधी जे सांगितले त्यात काही उणे आहे, असे 'पण' सुचवतो.

प्रगतिपुस्तकातला शेरा आठवा. 'मुलगा हुशार आहे, पण गैरहजर राहतो.' हुशारीला उणेपणा आला. तेच शब्द उलटे ठेवा: 'गैरहजर राहतो, पण हुशार आहे.' आता गैरहजेरी सौम्य झाली. माहितीत काडीचाही फरक नाही. आपल्या भागात तर हा नुसता व्याकरणाचा प्रश्न राहत नाही. दिवाळी झाली, की कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मूल बरोबर जाते. परत आल्यावर त्याच्या पुस्तकात कोणते अर्धे वाक्य शेवटी लिहिलेले असते, ते बाप कुणाकडून तरी वाचून घेतो, आणि याला शाळेत ठेवायचे की कामाला लावायचे हे तेवढ्यावरही ठरू शकते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम मांडले, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेऊ, म्हणून त्यांनी कुरणशाळा काढली. इंग्रजीच्या वर्गातही तसे करता येते. मुलाच्या तोंडी असलेले वाक्य आधी घ्यावे, त्यातला 'तरी' शोधायला सांगावा, आणि मगच इंग्रजीकडे न्यावे. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे हाताशी वर्षे भरपूर आहेत, घाई करण्याचे कारण नाही.

त्या तलासरीच्या मुलाला मी तो अर्धा गुण परत दिला नाही. नियम तो नियम. त्याच्या वहीत मात्र एक वाक्य लिहून दिले, आणि याचे मराठी करून आण म्हटले: 'ऑल्दो ही वॉज अवे फॉर फोर मंथ्स, ही रीड्स वेल.' दुसऱ्या दिवशी त्याने आणले: 'जरी तो चार महिने शाळेत नव्हता, तरी चांगलं वाचतो.' खाली त्याने विचारले होते, "सर, हे बाबांना दाखवू का?"