दुधातील साखर आणि तिचे पचन

भिलाईत या विषयावर बोलताना एक सोय आहे. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला, १९५९ साली पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि पंजाबपासून आंध्र-केरळपर्यंतची कुटुंबे एकाच वसाहतीत शेजारी म्हणून नांदू लागली. विदर्भातील मराठी घरेही त्यांत आहेत. १९५६ पर्यंत नागपूर हीच या भागाची राजधानी होती. अशा वसाहतीत एका घरचा माणूस रात्री पेलाभर दूध पिऊन सुखाने झोपतो, तर शेजाऱ्याचे पोट तेवढ्याच दुधाने फुगते, प्रसंगी जुलाबही होतात. मग पहिल्याची प्रकृती बळकट आणि दुसऱ्याची नाजूक, असा निवाडा होतो. शरीरशास्त्राला तो मान्य नाही.

गाई-म्हशींच्या दुधातील जवळजवळ सर्व कर्बोदक म्हणजे दुग्धशर्करा, अर्थात लॅक्टोज. तिचे प्रमाण शेकडा पाचच्या आसपास असते. मातेच्या दुधात शेकडा सातच्या आसपास. नेहमीच्या साखरेच्या मानाने तिची गोडी पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढीच. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन साध्या शर्करा जोडून ती बनलेली असते. ही जोडी सुटल्यावाचून ती रक्तात शोषली जात नाही, आणि ती सोडविण्याचे काम लहान आतड्याच्या अस्तरातील लॅक्टेज हे विकर करते. तान्ह्या बाळाजवळ ते भरपूर असते. अंगावरचे दूध सुटल्यानंतर मात्र बहुसंख्य माणसांत ते हळूहळू आटत जाते. न पचलेली शर्करा मोठ्या आतड्यात उतरते, तेथील जिवाणू तिला आंबवतात, वायू धरतो. शिवाय ती पाणी ओढून घेत असल्याने मळ पातळ होतो. सस्तन प्राण्यांचा सर्वसाधारण नियम हाच होय. अपवाद आहेत ते प्रौढपणीही दूध पचविणारे. त्यांच्यातील आनुवंशिक बदल भारताच्या वायव्येस अधिक आणि दक्षिणेस व पूर्वेस विरळ असल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

दूध नुसते उकळून ही शर्करा घटत नाही. आटवल्याने तर ती एकवटते. खव्याच्या वजनाचा सुमारे एक पंचमांश ते एक चतुर्थांश भाग तिचाच असतो, हे पेढ्यांवर ताव मारणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. विरजणाने काही शर्करेचे आम्ल होते, आणि दह्यातील जिवाणूंचे स्वतःचे विकर आतड्यातही उपयोगी पडत असल्याने उरलेली पुष्कळशी पचून जाते. चक्का टांगला की निवळीबरोबर आणखी शर्करा निथळते. तुपात ती जवळजवळ नसतेच. तेव्हा ज्याला दूध सोसत नाही त्याने दही-ताक खुशाल घ्यावे. एका वेळी कपभर दूधही, जेवणासोबत घेतल्यास, अशांपैकी बहुतेकांना बाधत नाही.

तान्ह्या बाळाची गोष्ट निराळी. जुलाबात त्याचे विकर तात्पुरते घटते, म्हणून काही घरांत आईचे दूध तोडले जाते. हे घातक आहे. आतडे बरे होताच विकर परत येते; तोवर स्तनपान चालू ठेवावे आणि जोडीला जलसंजीवनी द्यावी.