अळवाच्या पानाचा धडा : खाऱ्या पाण्याचे ऊर्ध्वपातन आणि पटलाचे पथ्य



एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे लातूरला आली, तो प्रसंग मराठवाडा विसरलेला नाही. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि पहिल्या फेरीतील दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले होते. नांदेडला विष्णुपुरीचा आधार आहे. परंतु गोदावरीपासून दूरच्या गावांची भिस्त विंधन विहिरींवरच. त्यांपैकी काही गावांच्या पाण्यात फ्लोराइडचे दुखणे आहे. अशा वेळी सहज प्रश्न उमटतो : समुद्राचे पाणी गोडे करण्याची विद्या आपल्या खारट, जड भूजलाच्या कामी येणार नाही काय?

ही विद्या भारताला अपरिचित नाही. लक्षद्वीपमधील कवरत्ती बेटावर २००५मध्ये समुद्राच्या पृष्ठभागाचे उबदार पाणी आणि खोलवरचे गार पाणी यांच्या तापमानातील फरकावर चालणारा, दररोज एक लाख लिटर गोडे पाणी देणारा प्रकल्प उभा राहिला. याच कुळातील नवी पद्धत म्हणजे पटलाद्वारे ऊर्ध्वपातन.

तिचे मर्म अळवाच्या पानात आहे. पानावर पाणी ठरत नाही, तसेच या पटलावरही ठरत नाही. एका बाजूने साठ-सत्तर अंश तापलेले खारे पाणी वाहते. पटलाच्या अतिसूक्ष्म छिद्रांतून केवळ वाफ पलीकडे जाते आणि तेथे थंड होऊन तिचे शुद्ध पाणी बनते. क्षार आणि फ्लोराइड अलीकडेच राहतात. फार उच्च तापमान लागत नसल्याने सौरऊर्जा किंवा साखर कारखान्यांतील वाया जाणारी उष्णताही उपयोगी पडू शकते.

मग ही पद्धत अद्याप सर्वत्र का रुळली नाही? खर्चाखेरीज तिला दोन व्याधी आहेत. पहिली, पटल माखण्याची. चुन्याचे क्षार तापलेल्या पाण्यात अधिक लवकर बाहेर पडतात. बंबाच्या आत जशी पुटे चढतात, तशी ती पटलावर चढतात. त्यांत शेवाळ आणि जीवाणूंची भर पडते. दुसरी व्याधी पटल भिजण्याची. साबण, तेल अथवा फाजील दाब यांमुळे पाणी छिद्रांत शिरते आणि खारेपणा थेट पलीकडे जातो. भिजलेले पटल धुऊन, वाळवून पुन्हा वापरता येते. परंतु त्याचा मूळ गुण पुष्कळदा पूर्णपणे परतत नाही.

उपाय पथ्याचे आहेत. पाणी आधी गाळून घ्यावे, त्यातील तेल आणि साबण काढावा, क्षार साचू न देणारे द्रव्य मापून घालावे, दाब मर्यादेत ठेवावा. चुन्याचे पुट सौम्य आम्लाने निघते. जिप्समचे मात्र सहज निघत नाही, म्हणून ते बसूच न देणे बरे. शुद्ध पाण्याची विद्युतवाहकता रोज मोजावी. ती वाढू लागली, की पटल भिजू लागले असे समजावे. तेलालाही न जुमानणारी पटले संशोधक घडवीत आहेत. तथापि निगेची गरज त्यांनाही राहणारच.

गावोगावच्या जलशुद्धीकरण यंत्रांचाही अनुभव याहून निराळा नाही. यंत्राचे उद्घाटन एका दिवसाचे असते, त्याची देखभाल मात्र नित्याची. यंत्राच्या किमतीबरोबरच ते रोज सांभाळणारा प्रशिक्षित तरुण आणि त्याचे वेतन यांची तरतूद प्रत्येक गावाने प्रथम करावी. यंत्र त्यानंतर आणावे.