बालकांचा प्रथम ख्रिस्तप्रसाद व मातापित्यांचे कर्तव्य

(ज्युबिली महोत्सवानिमित्त बावडा येथे पालकांपुढे केलेले भाषण)



ज्युबिलीच्या ह्या मंगल दिवसांत आपण गतकाळाबद्दल परमेश्वराचे उपकार मानीत आहोत. परंतु धर्मग्रामाचे पुढील आयुष्य त्याच्या भिंतींवर नव्हे, तर प्रभूच्या मेजाजवळ येणाऱ्या लेकरांवर अवलंबून असते. म्हणून प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी मुलांची तयारी कशी करावी, ह्याविषयी दोन शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

मूल केवढे झाले म्हणजे त्यास ख्रिस्तप्रसाद द्यावा? सन १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने ‘विवेकाचे वय’ ही मर्यादा सांगितली. पुढे कित्येक ठिकाणी ती दहा, बारा, क्वचित चौदा वर्षांपर्यंत लांबविण्यात आली. संत पोप पायस दहावे यांनी ८ ऑगस्ट १९१० च्या आज्ञापत्राने ही रूढी मोडली. विवेकाचे वय म्हणजे सुमारे सातवे वर्ष, असे त्यांनी ठरविले. श्रद्धेच्या मुख्य सत्यांची आपल्या समजुतीपुरती ओळख आणि वेदीवरील भाकर नित्याच्या भाकरीहून निराळी आहे ही जाणीव, एवढे त्यांनी पुरेसे मानले. सगळी धर्मप्रश्नोत्तरी मुखोद्गत असावी, अशी अट घातली नाही. पुढील शिक्षण मात्र चालू राहिलेच पाहिजे, असे बजाविले.

ह्यावरून पाठांतर निरुपयोगी आहे, असे कोणी समजू नये. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यास आले, तेव्हा रस्त्यांतून घंटा वाजवीत ते मुलांना गोळा करीत व प्रार्थना म्हणवून घेत. ‘ख्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स यांनी लोकांच्याच भाषेत धर्मशिक्षणाचे पुस्तक रचिले, त्यांच्या निधनानंतर, १६२२ साली, ते छापून निघाले. ते प्रश्नोत्तररूप आहे. परंतु प्रश्नोत्तराचा खरा लाभ मुलाच्या मनात प्रश्न उठेल तेव्हाच होतो.

मुले विचारतातच : “फादर, ही तर पापडासारखी पातळ, मग हिला भाकर का म्हणायचे?” अशा लेकरास गप्प करू नका. त्याला सांगा : आई ज्वारी दळते, पीठ मळते, हातांना चटके सोसून भाकरी भाजते. त्या भाकरीत तिचे कष्ट आहेत, माया आहे. पण आई स्वतः भाकरीत नसते. वेदीवर गव्हाचे पीठ व पाणी यांची भाकर असते. मिस्साबलिदानात धर्मगुरूच्या मुखाने प्रभूचे शब्द उच्चारले जातात, आणि मग तेथे प्रभू येशू स्वतःच असतो. रूप व चव पूर्वीचीच राहते. देणारा मात्र स्वतःलाच देतो. हे सहा-सात वर्षांच्या मुलास समजते. किंबहुना आम्हां मोठ्यांहून ते अधिक सरळपणे विश्वास ठेवते.

ही शिकवण घरातील ताटापासून सुरू होते. जेवणापूर्वी सर्वांनी मिळून प्रार्थना करावी, सर्वांस वाढून झाल्याखेरीज घास घेऊ नये, भांडण असेल तर आधी मिटवावे. रविवारी मुलास मागे दाराशी उभे न करता पुढे, वेदी दिसेल तेथे बसवावे. उपवासाचे कारण सांगावे. वडीलधाऱ्यांच्या बालपणी तो मध्यरात्रीपासून असे. १९५७ साली तीन तासांचा व १९६४ साली एक तासाचा झाला. तास थोडा असला, तरी पाहुणा येणार म्हणून मन जागे ठेवण्याचा अर्थ तोच आहे. ख्रिस्तप्रसाद घेतल्यावर मुलास क्षणभर डोळे मिटून प्रभूशी आपल्या शब्दांत बोलू द्यावे.

आता दोन अडसरांविषयी स्पष्ट बोलतो. पहिला पोशाखाचा. पांढरा झगा, बूट, बँड व जेवणावळ यांना पैसे नाहीत, म्हणून कित्येक घरी मूल वर्षानुवर्षे थांबते. धुतलेले साधे कपडे प्रभूस पुरतात. कर्ज काढू नका. ज्यांना ऐपत आहे त्यांनीही असा थाट करू नये, की शेजारच्या गरिबाचे मूल लाजून मागे राहावे.

दुसरा अडसर हंगामाचा. काही कुटुंबे ऊसतोडणीस वा वीटभट्टीवर जातात आणि मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग सुटतो. अशा मुलास ‘गैरहजर’ म्हणून मागे ठेवणे न्यायाचे नव्हे. कोपीत दिवा लावल्यावर आईने क्रुसाची खूण, ‘हे आमच्या बापा’ व पश्चात्तापाची प्रार्थना म्हणवून घ्यावी. हंगाम संपल्यावर उरलेले आम्ही पुरे करू. मुलाशी बोलून आम्ही त्याची तयारी पाहू, केवळ घोकंपट्टीवरून नव्हे. पापनिवेदनासही त्याला धीर देऊन आणू. मुलांच्या तयारीचे कर्तव्य धर्मनियम प्रथम मातापित्यांवर व त्यांच्याबरोबर धर्मगुरूवर सोपवितो. आपण आपला वाटा उचला, आम्ही आमचा उचलू.

शुभवर्तमानात पाच हजारांच्या जेवणास आरंभ झाला, तो एका मुलाजवळच्या जवाच्या पाच भाकरींपासून. त्याचे वय किती, वस्त्र कसे, हे कोणी विचारले नाही. प्रभूने त्या भाकरी हाती घेतल्या. आपलीही लेकरे आपापल्या लहानशा विश्वासाची शिदोरी घेऊन निघाली आहेत. त्यांची वाट अडवू नका; हात धरून त्यांना प्रभूच्या मेजाजवळ आणा.

प्रभू आपणां सर्वांस व आपल्या लेकरांस आशीर्वाद देवो. आमेन.