फुकट की सोयीचं?
गाणी आणि सिनेमे लोक पैसे न देता का उतरवून घेतात? फुकटेपणा हे उत्तर अर्धंच आहे. स्वीडनकडे पाहा. तिथे 2003 साली अशी फुकट उतरवाउतरवी सोपी करणारं ‘द पायरेट बे’ हे संकेतस्थळ सुरू झालं. मे 2006 मध्ये पोलिसांनी छापा घालून त्याचे सर्व्हर उचलून नेले. काही दिवसांतच ते पुन्हा चालू! 2009 मध्ये त्या प्रकरणी चौघांना कैदेची शिक्षाही सुनावली गेली. पण माझ्या मते श्रोत्यांची सवय बदलली ती त्याच देशातल्या ‘स्पॉटिफाय’नं. ऑक्टोबर 2008 पासून हवं ते गाणं क्षणात, कायदेशीरपणे मिळू लागलं. मध्ये जाहिराती ऐकल्या की मोफतसुद्धा.

सिनेमा-मालिकांचं मात्र तसं झालेलं नाही. एक मालिका या ॲपवर, दुसरी त्या ॲपवर, वर्गणी प्रत्येकाची वेगळी. परदेशातल्या मराठी प्रेक्षकाला तर पैसे द्यायची तयारी असूनही कधी कधी ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’ एवढंच उत्तर मिळतं.

आपल्याकडे 2023 च्या कायदादुरुस्तीनुसार चित्रपटचोरीला 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तो धाक हवाच, कारण छोट्या मराठी निर्मात्याला असं नुकसान सोसत नाही. मात्र त्याचा चित्रपट रास्त दरात, वेळेवर घरपोच कसा मिळेल, हे पाहण्याचं काम पोलिसांचं नाही. ते वितरकांनाच करावं लागेल.